गौरवचिन्ह की निष्ठेचा दाखला?

एखादे शहर साहित्यिकाचा वा कलावंताचा सत्कार करते, तेव्हा ते नेमके काय करीत असते? करदात्या नागरिकांच्या पैशातून काही रक्कम त्याच्या हाती ठेवून, त्याच्या निर्मितीने आपले जीवन संपन्न झाले, अशी जाहीर पोच ते देत असते. ही पोच द्यायची की नाही, हे ठरविण्याचा अधिकार शहराला जरूर आहे. परंतु एकदा दिल्यानंतर, मानकऱ्याची राजकीय मते तपासून ती परत घेणे म्हणजे पुरस्काराचे रूपांतर रमण्यातील दक्षिणेत करणे होय. जर्मनीतील डॉर्टमुंड शहरात २०१९ साली हेच घडले, आणि घडले तेही लोकशाही व सहिष्णुता यांच्या नावाने!

रूहर खोऱ्यातील हे शहर कोळसा आणि पोलाद यांच्या कामगारांनी उभे केलेले. १९६१ साली त्याने नेली साक्स या कवयित्रीच्या नावाने वाङ्मयीन पुरस्कार सुरू केला व पहिला मान त्यांनाच दिला. बर्लिनमध्ये जन्मलेल्या या ज्यू कवयित्रीने १९४० साली नाझींच्या तावडीतून निसटून स्वीडनमध्ये आश्रय घेतला होता. पुढे १९६६ साली नोबेल पारितोषिकाच्याही त्या विभागून मानकरी झाल्या. माणसामाणसांत आणि राष्ट्राराष्ट्रांत सहिष्णुता व सलोखा वाढविणाऱ्या लेखनाचा गौरव व्हावा, हा या पुरस्काराचा हेतू. एलियास कानेटी, एरिक फ्रॉम, नेडीन गॉर्डिमर अशी त्याच्या मानकऱ्यांची परंपरा आहे.

सप्टेंबर २०१९ मध्ये निवड समितीने कामिला शम्सी यांचे नाव जाहीर केले. कराचीत जन्मलेल्या या ब्रिटिश-पाकिस्तानी लेखिकेच्या 'होम फायर' या कादंबरीला आदल्याच वर्षी ब्रिटनमधील 'विमेन्स प्राइझ' मिळाले होते. परंतु पॅलेस्टिनी जनतेच्या हक्कांसाठी इस्रायलवर बहिष्कार पुकारणाऱ्या चळवळीला त्यांचा पाठिंबा आहे, याकडे बोट दाखविले गेले आणि अवघ्या काही दिवसांत समितीने आपलाच निर्णय फिरविला. त्या वर्षी पुरस्कार कोणालाच दिला गेला नाही. अरुंधती रॉय, नोम चॉम्स्की, जे. एम. कोएट्झी यांच्यासह अडीचशेहून अधिक लेखकांनी जाहीर पत्राद्वारे निषेध नोंदविला. निर्णय मात्र कायम राहिला.

ज्या लेखिकेच्या साहित्यात चार दिवसांपूर्वी सलोख्याचे मूल्य आढळले होते, त्या साहित्यातील एक अक्षरही या अवधीत बदललेले नव्हते. 'होम फायर'ची उभारणी तर अँटिगनीच्या कथेवर झालेली आहे. राजाज्ञा मोडून भावाच्या प्रेताला मूठमाती देऊ पाहणाऱ्या, सत्तेच्या कायद्याहून सद्सद्विवेकाची आज्ञा श्रेष्ठ मानणाऱ्या बहिणीची ती कथा! कादंबरीत हा विवेक गौरवास्पद, आणि लेखिकेने तो प्रत्यक्ष जीवनात आचरला की तोच अपात्रतेचे कारण, असा हा न्याय आहे. याच शहराने १९८५ साली नेडीन गॉर्डिमर यांना गौरविले, तेव्हा दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट होती व त्या सरकारने गॉर्डिमर यांच्या कादंबऱ्यांवर बंदीही घातली होती. त्या वेळी सत्तेला केलेला विरोध लेखिकेच्या मोठेपणाची खूण ठरला होता.

शहराच्या बाजूने जो युक्तिवाद केला जातो, तो उथळ नाही. १ एप्रिल १९३३ रोजी नाझींनी ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला आणि तेथून निघालेली वाट मृत्युछावण्यांपर्यंत गेली. जर्मन मनाला 'बहिष्कार' हा शब्द ऐकताच शहारे येत असतील, तर ते समजण्यासारखे आहे. जर्मन संसदेने मे २०१९ मध्ये या चळवळीची ज्यूद्वेषी म्हणून निर्भर्त्सना करणारा ठराव केला, त्यामागे ही जखमही आहे. परंतु जखमेची आठवण विचाराची जागा घेऊ शकत नाही. १९३३ चा बहिष्कार सत्ताधाऱ्यांनी एका निराधार समाजावर लादला होता. प्रस्तुतचा बहिष्कार नि:शस्त्र नागरिक एका शस्त्रसज्ज राज्यसंस्थेच्या धोरणाविरुद्ध पुकारीत आहेत. या दोहोंना एकाच मापाने मोजणे म्हणजे जुलूम आणि जुलमाचा प्रतिकार यांतील भेदच पुसून टाकणे होय.

भारतीयांना तरी हा भेद शिकवावा लागू नये. स्वदेशी आणि बहिष्कार या सूत्रांवर १९०५ नंतरचे राष्ट्रीय आंदोलन उभे राहिले. वर्णद्वेषाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडण्याचे पाऊल हिंदुस्थानने १९४६ सालीच उचलले होते. सांस्कृतिक बहिष्काराच्या उपयुक्ततेविषयी प्रामाणिक मतभेद असू शकतात. संवादाची दारे बंद होतात, हा आक्षेपही विचारात घेण्याजोगा आहे. पण मतभेदाला उत्तर वादाने द्यायचे असते, सन्मान हिरावून घेऊन नव्हे.

धैर्य दाखविणे अशक्य होते, असेही नाही. फ्रँकफुर्ट शहराने २०१२ साली ज्यूडिथ बटलर यांना अडोर्नो पुरस्कार जाहीर केला, तेव्हाही याच कारणावरून गदारोळ उठला होता. शहर ढळले नाही व पुरस्कार दिला गेला. २०१९ मध्येच आखेन शहराच्या महापौरांनी वालिद राद या कलावंताच्या पुरस्कारातून शहराचे अंग काढून घेतले, तेव्हा सहआयोजक कलाप्रेमी मंडळाने आपल्या हिमतीवर तो प्रदान केला. पुढे जानेवारी २०२२ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने म्युनिकसंबंधीच्या प्रकरणात बजावले की, या चळवळीचा विषय निघणार एवढ्या कारणावरून शहराने आपली सभागृहे नाकारणे हा मतस्वातंत्र्याचा भंग आहे. जो न्याय सभागृहाला, तो सन्मानाला का नसावा?

महाराष्ट्राने या प्रकाराकडे दुरून पाहून हळहळण्याचे कारण नाही. आणीबाणीवरील 'जनांचा प्रवाहो चालिला' या विनय हर्डीकर यांच्या पुस्तकाला जाहीर झालेला शासकीय पुरस्कार १९८१ साली मागे घेतला गेला. डिसेंबर २०२२ मध्ये कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम'च्या अनुवादासाठी अनघा लेले यांना जाहीर झालेला पुरस्कार सरकारने रद्द केला आणि निवड समितीच बरखास्त करून टाकली. पक्ष बदलले, सरकारे बदलली; दात्याचा तोरा तोच राहिला.

डॉर्टमुंडची गोष्ट एका अर्थाने याहूनही गंभीर आहे. मुंबईत निदान वरून हुकूम सुटावा लागला. तेथे समितीने स्वत:च मान तुकविली. आणि १९४६ पासून त्या शहराचे महापौरपद सोशल डेमोक्रॅटिक पक्षाकडे होते, ही बाब समाजवाद्यांना अधिकच बोचली पाहिजे. सार्वजनिक पैशावर सत्तेची नव्हे, तर जनतेची मालकी असते, हा ज्यांचा पहिला पाठ, त्यांच्याच शहरात त्या पैशाच्या मोबदल्यात लेखिकेकडून मौनाची अपेक्षा केली गेली.

नगरसंस्थेने स्वतंत्र समिती नेमावी, निधी द्यावा आणि समितीचा निर्णय गैरसोयीचा असला तरी तो पाळावा, एवढेच तिचे काम आहे. हे जमत नसेल, तर पुरस्कार बंद करावेत आणि दरबार भरविल्याचे उघड सांगावे. निर्वासित कवयित्रीचे नाव मात्र त्या दरबाराच्या दारावर लावू नये.