अक्षरे मोकळी, नावे राखीव

संगणकावर प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या वापरात ‘सॉस कोड प्रो’, ‘ब्लेक्स मोनो’, ‘लिटरेशन मोनो’ अशा काहीशा गमतीदार नावांचे फॉन्ट आढळतात. अडोबीचा ‘सोर्स कोड प्रो’, आयबीएमचा ‘प्लेक्स मोनो’ आणि रेड हॅटचा ‘लिबरेशन मोनो’ यांत जादा चिन्हांची भर घालून ‘नर्ड फॉन्ट्स’ या प्रकल्पाने ते वाटण्यास सुरुवात केली, तेव्हा त्यांचे असे नवे बारसे करावे लागले. परवाना अक्षरांपुरता होता, नावाचा नव्हता.

याचे मूळ कायद्यातील एका विसंगतीत आहे. अमेरिकेत अक्षराच्या आकाराला कॉपीराइटचे संरक्षण नाही. १९७८ च्या ‘एल्ट्रा विरुद्ध रिंगर’ निकालाने ते स्पष्ट केले. संरक्षण आहे ते फॉन्टच्या सॉफ्टवेअरला आणि व्यापारचिन्ह ठरलेल्या नावाला. म्हणूनच बिटस्ट्रीम कंपनीने हेल्व्हेटिकाचा आपला अवतार ‘स्विस ७२१’ आणि टाइम्सचा ‘डच ८०१’ या नावांनी बाजारात आणला. याच कंपनीने २००३ मध्ये ‘व्हेरा’ मुक्त केला, तो मात्र एका अटीवर: बदल खुशाल करावेत, पण बदललेल्या फॉन्टच्या नावात ‘बिटस्ट्रीम’ वा ‘व्हेरा’ हे शब्द नसावेत. त्यातून पुढे लिनक्सवर सर्वत्र पसरलेला ‘देजाव्हू’ उभा राहिला. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ ‘पूर्वी पाहिलेले’. अट पाळूनही वंशावळ सांगण्याची ही युक्ती दाद देण्याजोगीच.

एसआयएल संस्थेच्या ‘ओपन फॉन्ट लायसन्स’मध्ये ही अट ‘राखीव नाव’ म्हणून स्थिरावली. त्यामागे केवळ मालकीचा हव्यास नाही. संगणक फॉन्ट ओळखतो तो नावावरून. एकाच नावाच्या दोन फॉन्टांत अक्षरांची रुंदी वेगळी असली, तर एकच मजकूर दोन संगणकांवर वेगळ्या ठिकाणी तुटतो आणि दोष मूळ आरेखकाच्या माथी बसतो.

परंतु संकेतस्थळांसाठी फाइल हलकी करण्याकरिता फॉन्टमधील नको ती अक्षरे वगळणे हाही बदलच ठरतो. प्रत्येक वेळी नाव बदलायचे, की आरेखकाची लेखी परवानगी मागायची? गूगल फॉन्ट्सने नव्या फॉन्टांसाठी राखीव नाव नसावे असा आग्रह धरला, तो याच अडचणीमुळे.

देवनागरीत ही अडचण अधिक बोचते. हिंदी वळणाच्या फॉन्टांत मराठीचे ‘ल’ आणि ‘श’ परके दिसतात. राखीव नावाच्या फॉन्टमध्ये कोणी ते सुधारले, तर सुधारित फॉन्टला दुसरे नाव द्यावे लागते. जुन्या दस्तऐवजांत मात्र जुनेच नाव नोंदलेले असते, आणि संगणक तोच फॉन्ट शोधत राहतो. एकाच फॉन्टमध्ये दोन्ही वळणे ठेवून भाषेनुसार योग्य ते दाखविण्याची सोय तंत्रात आहे, पण ती मूळ फॉन्टमध्येच झाली तर उपयोगाची. भारतीय लिप्यांच्या आरेखकांनी नाव राखून ठेवण्यापूर्वी याचा विचार करावयास हवा. आणि सुधारणा करणाऱ्यांनीही नवे नाव शोधण्याआधी ती मूळ कर्त्याकडे पाठवून पाहावी.