दम कोंडायचा नसतो

परभणीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. इथली पोरं पाठीला डबा बांधून मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकतात, आणि दम कोंडून तळाची माती वर आणणारा त्यांच्यात पट्टीचा ठरतो. स्कूबाचा पहिला नियम नेमका उलटा: श्वास कधीच रोखायचा नाही. १० मीटरवर दाब दुप्पट होतो. तिथून दम कोंडून वर आलं तर छातीतली हवा फुगून फुप्फुस फाटू शकतं. म्हणून अंदमानात हॅवलॉकला डाइव्ह बुक करताना ‘मालवणला केलंय की!’ एवढ्यानं भागत नाही. मालवणला बहुतेक पर्यटक घेतात तो प्रशिक्षकाच्या हातात राहून घेतलेला अनुभव. त्याचा व्हिडिओ मिळतो, परवाना नाही. ‘ओपन वॉटर’चं कार्ड जोडीदारासोबत १८ मीटरपर्यंत जाण्याचं असतं, आणि ते तारकर्लीत एमटीडीसीच्या स्कूबा संस्थेत शिकून मिळवता येतं. कार्ड घरी विसरलं तरी पॅडीसारख्या संस्थेच्या नोंदीत नाव नि जन्मतारखेवरून सापडतं. पण कार्ड शिकल्याचं सांगतं. सराव सांगतं ते लॉगबुक. तारीख, जागा, खोली, पाण्याखालची मिनिटं, उतरताना टाकीत २०० बार दाब, वर येताना ५०, आणि खाली सही. शेवटची नोंद जुनी असेल तर आधी उथळ पाण्यात उजळणी करून घेतात. एवढ्या लांबून पैसे मोजून गेलेल्याला ते मनाला लागतं, हे खरं. पण त्याचा राग मानू नये. उजळणीत सांगतील तसे गुडघे वाळूत टेकवायचे, मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं, काचेची वरची कड कपाळाशी दाबायची आणि नाकानं सावकाश फुंकर घालून ते पाणी बाहेर काढायचं.