बाटलीवरचे नाव झाका



वाइनचे नाव काढले की पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतील. दारूचे दुकान बंद पाडायला ज्या मायबहिणी रस्त्यावर उतरल्या त्यांच्यासमोर हा विषय कशाला? विषय पिण्याचा नाही. पारख आणि भाव यांचा आहे.

शहरांतल्या क्लबांत वाइन चाखण्याच्या संध्याकाळी भरतात. एखादा विषय धरतात: द्राक्षाची जात एक पण मुलूख निराळे, किंवा मळा एक पण साले निराळी. घोटभर ओतायची, रंग पाहायचा, वास घ्यायचा, तोंडात घोळवायची. जाणकार तर थुंकूनच टाकतात. नाव झाकून नुसता नंबर घातला की कसोटी खरी. नाव दिसले की जीभ नावालाच गुण देते.

अशी एक बैठक २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये झाली. स्टीव्हन स्परियर हा इंग्रज तिथे वाइनचे दुकान चालवीत होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे होत होती, म्हणून त्याने कॅलिफोर्नियाची वाइन फ्रान्सच्या शेजारी मांडली. पांढऱ्या दहा, तांबड्या दहा. प्रत्येक गटात सहा कॅलिफोर्नियाच्या, चार फ्रान्सच्या नामांकित घराण्यांच्या. नावे झाकलेली. परीक्षक नऊ, सगळे फ्रेंच. त्यांतले काही तर स्वतःच द्राक्षमळ्यांचे मालक! एकाने कॅलिफोर्नियाचा घोट घेतला आणि आता फ्रान्सला परत आलो असे सांगून टाकले. निकाल लागला तेव्हा दोन्ही गटांत पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा: पांढऱ्यात शातो माँटेलेना, तांबड्यात स्टॅग्ज लीप, दोन्ही १९७३ सालच्या. मग ही वाइन टिकणार नाही असा ओरडा झाला. २००६ साली त्याच तांबड्या पुन्हा चाखल्या, तर पहिले पाचही नंबर कॅलिफोर्नियाचे.

परीक्षक हितसंबंधी होते, तरी झाकलेल्या नावाने त्यांचे हात बांधले. शिवाय ते तिथे सौदा करायला बसले नव्हते. आपल्या कापसाचे काय होते? घेणारा गाडीत हात घालतो, धागा ओढून पाहतो, ओल आहे म्हणतो, कवडी आहे म्हणतो आणि भाव पाडतो. पारखणारा तोच, घेणाराही तोच. १९७२ पासूनच्या एकाधिकार खरेदीत व्यापाऱ्याच्या जागी सरकारी ग्रेडर बसला, एवढाच फरक पडला होता.

माँटेलेनाच्या त्या वाइनची बरीच द्राक्षे सोनोमा भागातल्या बॅसिगलुपी कुटुंबाच्या मळ्यातून विकत घेतलेली होती. बाटली पुढे वॉशिंग्टनच्या संग्रहालयात गेली. पिकवणाऱ्याचे नाव त्या बाटलीवर नव्हते. म्हणजे तिथेही तेच!

कोरडवाहूने आणखी एक लक्षात घ्यावे. फ्रान्सच्या नामांकित पट्ट्यांत वेलींना पाणी देण्यावर कायद्याची कडक बंधने आहेत. बोर्दोच्या उत्तम मळ्यांची जमीन खडीची, हलकी. कमी पाणी, कमी उतारा, आणि त्याच मालाला चढा भाव. ओलीवर येणाऱ्या रब्बी ज्वारीचे गणित याहून फार वेगळे नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण मोंढ्यात पोते उघडल्यावर मुलूख कोण विचारतो?

पुढच्या जिल्हा मेळाव्यात अशीच एक बैठक भाकरीची घ्यावी असे मी सुचवतो. मालदांडी, दगडी आणि खरिपाची संकरित ज्वारी, प्रत्येकी दोन किलो. एकाच गिरणीत, एकाच दिवशी दळलेली. थापणारी बाई एक, तवा एक. ताटाखाली नंबर. परीक्षक म्हणून चार मायबहिणी आणि मोंढ्यातले दोन अडते बोलवावेत. २० पैकी गुण द्यावेत आणि कोणत्या नंबरला क्विंटलमागे किती जास्त देणार हे अडत्यांनी स्वतःच्या हाताने लिहावे. नावे त्यानंतर उघडावीत. ज्वारी कोण आणणार ते तालुका प्रमुखांनी मेळाव्याआधी आठ दिवस कळवावे.