हिस्टरी की भुगा?

रात्री जागून बारा ओळींची ऑकची कमांड लिहिली. सकाळी नव्या टर्मिनलमध्ये वरचा बाण दाबला, तर हाती बारा सुटे तुकडे! बॅश हिस्टरीची फाईल ओळीओळीने वाचतं. कोटमधली पुढची ओळही त्याला नवी कमांड वाटते. 'हिस्टटाइमफॉरमॅट' हे व्हेरिएबल आधीच सेट केलं, की प्रत्येक कमांडआधी वेळेची खूण पडते आणि त्या खुणेमुळे कमांड अख्खी परत मिळते. मग हे मुळातच चालू का नको? झेडशेल ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश ठेवून कमांड एकसंध जपतं. "मॅन्युअल वाचा" हे उत्तर मला मान्य नाही. मॅन्युअल आठवतं ते कमांड गेल्यावर! आई म्हणते, वहीत लिहून ठेव. खरंच, तिच्या वहीतली पाककृती रात्रीतून सुटी होत नाही. असो.