आरोपीचा वकील पीडितांसाठीही हवा

माननीय अध्यक्ष आणि सचिव,
रायगड जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, अलिबाग यांस,



कर्जत आणि खालापूर तालुक्यांत खून, बलात्कार, जीवघेणा हल्ला अशा गुन्ह्यात कोणालाही अटक झाली, तर पहिल्या रिमांडच्या वेळीच त्याच्या बाजूने तयारीचा वकील उभा राहावा. आणि तो का उभा राहतो, हे तुमच्याच शिबिरांतून गावोगाव सांगितलं जावं, एवढ्यासाठी हे पत्र. ही मागणी लोकांना आवडणार नाही, हे मला शेलूत राहून चांगलं ठाऊक आहे.

शेलूहून मुंबईकडे निघालं की वांगणी आणि मग बदलापूर. तिथल्या शाळेत दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाला, तेव्हा २० ऑगस्ट २०२४ रोजी संतापलेली माणसं रुळांवर उतरली आणि आमच्या बाजूच्या गाड्या तासन्‌तास अडकल्या. तो संताप खराच होता. आरोपीला तिथल्या तिथे फाशी द्या, अशी मागणी होती. महिनाभराने, २३ सप्टेंबरला, तळोजा कारागृहातून नेत असताना पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून तो मेला. अनेकांना न्याय झाला असं वाटलं. मला नाही वाटलं. साक्षीपुरावे तपासून, उलटतपासणीला पुरून उरून त्या मुलींच्या बाजूने जो निकाल लागायचा, तो त्या माणसाविरुद्ध आता कधीच लागणार नाही.

‘असल्या नराधमाला वकील कशाला?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मला जालना जिल्ह्यातल्या भोकरदनचा खटला सांगावासा वाटतो. ५ जून २००३ च्या रात्री पेरूच्या बागेतल्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच जण मारले गेले, बायकांवर अत्याचार झाले. पोलिसांनी पकडलेले सहाही जण भटक्या जमातीतले, मोलमजुरी करणारे. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. पुढे त्याच न्यायालयाने तो निकाल मागे घेऊन अपिलं नव्याने ऐकली आणि ५ मार्च २०१९ रोजी सगळ्यांना निर्दोष सोडलं. सोळा वर्षं गेली होती. एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

घटनेनंतर दोनच दिवसांनी, वाचलेल्या बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून चार माणसं ओळखली होती. ती चौघं वेगळीच होती. त्यांना अटक झाली नाही, त्यांचा तपास झाला नाही. ही गोष्ट खटल्याच्या कागदांतच होती! खालच्या न्यायालयापासून दिल्लीपर्यंत ती फाशी थांबवू शकली नाही. सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश शेवटी निघाला. पण ज्या बाईचं घर त्या रात्री उद्ध्वस्त झालं, तिला काय मिळालं? भलतेच लोक तुरुंगात आणि तिने दाखवलेले चौघं मोकळे. आरोपीचा बचाव लुळा पडला, की पीडिताची फसवणूक होते, ती अशी.

मुंबई हल्ल्याच्या खटल्यात कसाबचं वकीलपत्र घेतल्यावर अंजली वाघमारे यांच्या घरासमोर निदर्शनं झाली, हे आपल्याला आठवत असेल. त्याच खटल्यातला सहआरोपी फहीम अन्सारी याचे वकील शाहिद आझमी यांचा ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातल्या त्यांच्या कार्यालयात गोळ्या घालून खून झाला. पुढे मे महिन्यात अन्सारी निर्दोष सुटला आणि ती सुटका सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. कसाबची फाशीही टिकली. त्याच्या बाजूने जे बोलण्यासारखं होतं ते सगळं ऐकून घेतलं गेलं, म्हणूनच त्या निकालाकडे आज कोणी बोट दाखवू शकत नाही. आणि २९ ऑगस्ट २०१२ च्या त्याच निकालात न्यायालयाने बजावलं, की आरोपीला पहिल्यांदा समोर आणलं जातं, तेव्हाच त्याला वकिलाचा हक्क सांगणं आणि त्याच्याकडे वकील नसेल तर विधी सेवेतून मिळवून देणं, हे प्रत्येक न्यायदंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. आमच्या वाडीतल्या कातकरी पोराला ज्या नियमाचा आधार आहे, तो कसाबच्या खटल्यात असा ठामपणे सांगितला गेला.

आरोपीच्या बाजूने वकील उभा राहणं आपल्या जिल्ह्याला नवं नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. सत्याग्रही पडले, मामलेदार जोशीही मारले गेले. पुढे गावकऱ्यांवर खटला चालला, तेव्हा आरोपींच्या बचावाला उभे राहिलेल्या वकिलांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.

आता मागणीचं. आरोपींना मोफत बचाव वकील देणारी लोकअभिरक्षक कार्यालयाची योजना आली, ती चांगलीच आहे. पण वीटभट्टीवर राबणाऱ्या ज्या माणसाला सही करता येत नाही, ज्याच्या नावावर सातबारा नाही, ज्याच्या घरच्यांचा अलिबागच्या हिराकोट तुरुंगातल्या भेटीसाठी अख्ख्या दिवसाचा रोज बुडतो, त्याला अशी योजना आहे हे कोण सांगणार? कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हेही गावात फारसं कोणी जाणत नाही. म्हणून नेरळ, कर्जत, खालापूर आणि खोपोलीच्या पोलीस ठाण्यांत आत शिरताच दिसेल असा मराठी फलक लावावा. त्यावर लोकअभिरक्षकांचं नाव आणि रात्रीही उचलला जाईल असा फोन नंबर असावा. फाशी-जन्मठेपेच्या खटल्यात किमान दहा वर्षं वकिली केलेला माणूस द्यावा आणि त्याला तयारीला साधारणपणे निदान सात दिवस मिळावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अनोखीलाल प्रकरणात सांगितलं आहे. ते आपल्या जिल्ह्यात पाळलं जातं का, हे दर सहा महिन्यांनी जाहीर करावं. आणि आरोपीचं वकीलपत्र घेतलं म्हणून एखाद्या वकिलावर गावाचा रोष आला, तर प्राधिकरणाने उघडपणे त्याच्या पाठीशी उभं राहावं.

या विषयावरचं पहिलं शिबिर शेलूत घ्या. जागा, खुर्च्या, माईक आणि आजूबाजूच्या वाड्यांतून माणसं आणणं, हे सगळं माझ्याकडे लागलं.

कळावे,
शेलू (ता. कर्जत) येथील एक रहिवासी