खाणीच्या खतावणीतले कोरे पान

१९८८ च्या सुमारास मी नागपूर जिल्ह्याच्या खाणपट्ट्यातील एका बँकशाखेत अधिकारी होतो. पगार झाला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून काउंटरपुढे रांग लागे. त्या रांगेत निवृत्तीला आलेला एक ड्रिलर असायचा. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात तो सही करायला शिकला होता आणि त्या सहीचा त्याला कोण अभिमान! एका महिन्यात त्याची विड्रॉल स्लिप माझ्या टेबलावर आली ती सही जुळत नाही म्हणून. नमुन्याच्या कार्डावर ठसठशीत, गोल अक्षरे होती. स्लिपवर मुंगीएवढी बारीक, थरथरती रेघ. मी त्याला पुन्हा सही करायला लावली. एकदा, दोनदा, पाचदा. शेवटी तो म्हणाला, ‘‘साहेब, सही माहीच हाये. हातच आता माहा आयकत नाही.’’

नियमावर बोट ठेवून मी त्याचे खाते अंगठ्यावर केले. पन्नाशीनंतर अक्षर शिकलेल्या माणसाला मी पुन्हा अंगठेबहाद्दर करून टाकले. आपण बँकेचे हित सांभाळले, या समाधानात मी संध्याकाळी घरी गेलो. तो हात थरथरतो का, हा प्रश्न मला पडला नाही.

पुढे कादंबरीसाठी टिपणे काढताना मँगनीजच्या विषबाधेविषयी वाचनात आले. १८३७ साली स्कॉटलंडमध्ये कूपर नावाच्या डॉक्टरने मँगनीजची भुकटी करणाऱ्या कामगारांमध्ये हा विकार प्रथम नोंदवला. वर्षानुवर्षे धूळ श्वासातून जाते, मेंदूपर्यंत पोहोचते. चाल अडखळते, चेहरा निर्विकार होतो, आवाज खोल जातो आणि अक्षर बारीक होत जाते. कंपवातासारखाच प्रकार. आमच्या ड्रिलरला हेच झाले होते, असा माझा दावा नाही. वय असेल, यंत्राचा हादरा असेल, आणखी काही असेल. ते आता कुणीच सांगू शकणार नाही, कारण कुणी तपासलेच नव्हते. त्या न झालेल्या तपासणीविषयीच आज लिहायचे आहे.

नागपूर म्हटले की संत्री आठवतात. पण हे शहर देशाच्या खाणउद्योगाची एक राजधानीही आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय इथलेच आणि मॉइलचेही. मॉइलची मुळे थेट १८९६ च्या इंग्रजी कंपनीपर्यंत जातात. तिच्याच खाणींतून १९६२ साली मँगनीज ओअर (इंडिया) उभी राहिली. मनसर, कांद्री, गुमगावचे मँगनीज पोलादात मिसळते आणि आपल्या घरच्या कपाटात येऊन बसते. कामठी, सिल्लेवाडा, सावनेर, उमरेडचा कोळसा वीज होऊन आपले पंखे फिरवतो. या वस्तूंशी आपला संबंध रोजचा, पण त्या काढणाऱ्याशी आपली ओळख फक्त अपघाताच्या बातमीपुरती.

आणि अपघात थोडे झाले नाहीत. १० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाड्याजवळच्या न्यूटन चिखली खाणीत पाणी शिरले आणि ६३ माणसे गेली. तेव्हा नागपूर हीच मध्य प्रदेशची राजधानी होती. १८ नोव्हेंबर १९७५ ला आपल्या दारातल्या सिल्लेवाडा खाणीत पाण्यानेच १० बळी घेतले. त्यानंतर सहा आठवडेही झाले नव्हते, तोच २७ डिसेंबरला धनबादजवळच्या चासनाळ्यात ३७५ जण बुडाले. ‘काला पत्थर’ या चित्रपटामागे तीच दुर्घटना होती. चासनाळ्यात घात केला तो जुन्या, सोडून दिलेल्या कामात साचलेल्या पाण्याने. म्हणूनच अशा कामाच्या ६० मीटरच्या आत पोहोचताना आधी पुढे भोके पाडून पाण्याचा अंदाज घ्या, असा दंडक आहे. नियमांच्या पुस्तकातील पुष्कळशी कलमे अशी कुणाच्या ना कुणाच्या प्राणांच्या मोलाने लिहिली गेली आहेत.

छताचेही तसेच. भुयारी खाणीत पाळी सुरू होण्यापूर्वी मायनिंग सरदार छतावर काठी ठोकून आवाज ऐकतो. बाजारात माठ घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो ना, तसेच. खणखणीत वाजले तर ठीक. बद्द वाजले तर तिथून माणसे हटवायची. पूर्वी लाकडी टेकू असत. आता छतात पोलादी बोल्ट ठोकून थर एकमेकांना बांधतात. कोळसा काढल्यावर उरणारी पोकळी पाण्याबरोबर वाळू सोडून भरण्याची रीतही जुनी. कामठी पट्ट्यात त्यासाठी कन्हानची वाळू वापरली गेली. नदीतली वाळू काही अक्षय नाही. म्हणून राखेचा आणि खाणीतून निघालेल्या दगडमातीचा पर्याय संशोधकांनी पुढे आणला. या सगळ्या शहाणपणाने भुयारातील मरण पुष्कळ कमी केले, हे कबूल करायलाच हवे.

मग खाणीच वर आल्या. आज देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा उघड्या खाणींतून निघतो. डोक्यावरचे छत गेले, तसा त्याचा धोकाही गेला. पण डोंगराएवढे मातीचे ढिगारे आणि उभ्या कडा आल्या. यवतमाळ जिल्ह्यातील कावडी खाणीत जून २००० मध्ये अशी कड ढासळून १० जण गाडले गेले. झारखंडमधील राजमहल खाणीत डिसेंबर २०१६ मध्ये २३. शिवाय शेकडो डंपर, स्फोट, आवाज, हादरे आणि धूळ. ही धूळ खाणीच्या कुंपणाशी थांबत नाही. ती शेजारच्या गावात वाळत घातलेल्या पापडांवर बसते आणि शाळेतल्या बाकावरही.

अपघाताची निदान चौकशी होते, आकडा छापून येतो, भरपाई मिळते. धुळीचे तसे नाही. डोळ्यांना दिसणारी धूळ नाकात अडते. न दिसणारी, काही मायक्रॉनची, फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. दगडातील सिलिका असेल तर सिलिकोसिस होतो, कोळसा असेल तर न्यूमोकोनिओसिस. दहा-वीस वर्षे काहीच कळत नाही. मग जिना चढताना धाप लागते, खोकला सुटत नाही. गावचा डॉक्टर क्षय समजून औषध देतो. क्ष-किरण चित्रात दोन्ही सारखेच भासू शकतात आणि सिलिकोसिस झालेल्याला क्षय लवकर गाठतोही. सिलिकोसिसवर उपचार नाही. काम सोडले तरी तो वाढतच राहतो.

कायद्याला हे ठाऊक नव्हते असे नाही. १९५२ च्या खाण कायद्याने असे रोग कळवणे बंधनकारक केले आणि त्या यादीत मँगनीजची मज्जासंस्थेला होणारी विषबाधाही होती. दर पाच वर्षांनी तपासणी आणि छातीचा क्ष-किरण, हाही नियम. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेत कर्मचाऱ्यांच्या मोफत वार्षिक तपासणीची तरतूद आहे. उत्तमच. पण माझ्यातला जुना बँकवाला विचारतो, हे खाते चालते किती दिवस? कामगार निवृत्त झाला की तपासणी संपली. रोग मात्र बहुधा त्यानंतरच डोके वर काढतो. आणि कंत्राटी कामगार आज या ठेकेदाराकडे, उद्या त्या. त्याचा मागचा क्ष-किरण कुणाच्या फायलीत पडला आहे, हे त्याला सांगता येत नाही. एका खाणीची धूळ, दुसऱ्या खाणीची धूळ, आणि जबाबदारी कुणाचीच नाही.

नागपूरला या कामासाठी स्वतंत्र संस्था लाभली होती. १९९० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय खनिक आरोग्य संस्थेची प्रयोगशाळा अमरावती रस्त्यावर वाडीला. धूळ मोजणे, कानावर पडणारा आवाज मोजणे, डंपरच्या आसनावर बसलेल्या चालकाच्या मणक्याला किती हादरे बसतात ते पाहणे, हे तिचे काम. २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ती अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेत विलीन करण्याचा निर्णय घेतला. त्यामागचा विचार वाईट नव्हता. वैद्यकीय संशोधनाच्या मोठ्या छत्राखाली डॉक्टर, निधी, प्रतिष्ठा सारेच वाढू शकते. पण दारावरची पाटी कोणतीही असो, त्या मोजमापाचा निष्कर्ष उमरेडच्या डंपरचालकाच्या हाती, त्याला कळेल अशा मराठीत वा हिंदीत पडतो का, हीच त्या संशोधनाची कसोटी मानली पाहिजे.

उपाय काही आकाशातून आणायचे नाहीत. बँकेने गरिबातल्या गरिबाच्या हाती पासबुक दिले. शाखा बदलली, गाव बदलले, तरी पैन् पै नोंदलेली. तसेच आरोग्याचे पासबुक प्रत्येक खाणकामगाराला का नसावे? कायम असो वा कंत्राटी. ते मालकाच्या कपाटात नव्हे, त्याच्या घरी असावे. निवृत्तीनंतरही ठरावीक वर्षांनी तपासणी व्हावी आणि खाणीलगतच्या गावांनाही तिचा लाभ मिळावा. पैसा कुठून, असे कुणी विचारील. २०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्ह्या-जिल्ह्यात खनिज प्रतिष्ठाने निघाली आहेत. खाणमालक त्यांत रक्कम भरतात आणि आरोग्य हा त्यांच्या अग्रक्रमाचा विषय आहे. राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिसग्रस्तांसाठी स्वतंत्र धोरण आखून मदत आणि पेन्शन सुरू केली. तिथे जे जमले ते खनिजांवर बसलेल्या विदर्भात का जमू नये?

त्या ड्रिलरने अंगठा उमटवला, शाई पुसायला मी जुन्या व्हाउचरचा कागद पुढे केला. पैसे मोजून घेताना त्याच्या हातातून दोनदा नोटा सांडल्या. रांगेतल्या पोराने त्या उचलून दिल्या. मी खाली मान घालून पुढची स्लिप घेतली. आज कुठल्या तरी शाखेत अशीच न जुळणारी सही टेबलावर आली असेल. तिथल्या तरुण अधिकाऱ्याला एवढेच सांगावेसे वाटते: नियम पाळ बाबा, पण कार्ड बदलण्यापूर्वी समोरच्या काकांना विचार, ‘‘तुम्ही काम कुठे करत होता?’’