हेल्मेटवरचा स्टिकर पेट्रोलनं काढू नका!

क्रिकेट खेळणाऱ्या मुलामुलींच्या पालकांनो, प्रशिक्षकांनो आणि क्लबचं किट सांभाळणाऱ्या मित्रांनो,

पाऊस सरला, मैदानं वाळू लागली, किटबॅगा माळ्यावरून खाली आल्या. आता हेल्मेटांची साफसफाई निघेल. मागच्या वर्षीच्या प्रायोजकाचा स्टिकर काढायचा, ताईचं नाव काढून धाकट्याचं लावायचं. स्टिकर निघतो, चिकटा निघत नाही. मग कुणी गाडीतलं पेट्रोल आणतं, कुणी रंगकामातला थिनर, कुणी नेलपॉलिश रिमूव्हर. हात जोडून सांगतो, हे आजच थांबवा.

गेल्या आठवड्यात बारा वर्षांचा एक मुलगा नेट्सला चकचकीत हेल्मेट घेऊन आला. वडिलांनी रात्री बसून थिनरनं पुसून दिलं होतं. मी ते उन्हात तिरकं धरलं. कपाळावरच्या भागाची चकाकी गेली होती आणि तिथं केसासारख्या बारीक रेघा उमटल्या होत्या. हवेच्या भोकांतून थिनर आत ओघळला होता. अस्तर उचललं, तर फोममध्ये बोटाचं पेर बसेल एवढा खळगा. मुलगा पॅड बांधून उभा होता. त्या दिवशी त्याला बॅटिंग दिली नाही.

असं का होतं? अनेक हेल्मेटांचं कवच एबीएस प्लास्टिकचं असतं. बऱ्याच रिमूव्हरमध्ये असलेलं ॲसिटोन ते विरघळवतं. पेट्रोल आणि थिनरनंही त्याला बारीक तडे जाऊ शकतात. आतला फोम पुष्कळदा थर्माकोलच्याच जातीचा असतो, आणि थर्माकोलवर थिनर सांडला की तो कसा बसत जातो, हे मखर करणाऱ्यांना ठाऊक आहे. फटक्याचा जोर पसरवायचा कवचानं आणि जिरवायचा फोमनं. दोन्ही कमजोर झाली, तरी हेल्मेट वरवर पाहता नव्यासारखंच दिसू शकतं. खरा धोका हाच आहे.

पुरुषांच्या सामन्यातला चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा असतो. 1962 साली ब्रिजटाऊनमध्ये वेस्ट इंडीजचा वेगवान गोलंदाज चार्ली ग्रिफिथ याचा असा एक चेंडू आपले कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला. कवटी फुटली, जीव वाचला, पण ते पुन्हा कसोटी खेळले नाहीत. तेव्हा हेल्मेट नव्हतं. त्याच ब्रिजटाऊनमध्ये 1978 साली ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम यालप कसोटीत हेल्मेट घालून उतरले. आज ते आपल्या मुलांच्या हातात आहे. ते आपणच निकामी करायचं का?

स्टिकर काढायचा तो असा:

1. आधी हेल्मेटसोबत आलेल्या सूचना वाचा. निघण्याजोगं अस्तर काढून ठेवा.
2. कोमट पाण्यात साबण घालून फडकं भिजवा, पिळा आणि दहा मिनिटं स्टिकरवर ठेवा. उकळतं पाणी नको.
3. नखानं कोपरा उचला आणि सावकाश, पृष्ठभागालगत ओढा. ब्लेड, तारेची घासणी, पॉलिश पेपर वापरू नका.
4. चिकटा अंगठ्यानं चोळून त्याच्या गोळ्या करा, किंवा त्यावर चिकटपट्टी दाबून उचला. वेळ लागेल, लागू द्या.
5. शेवटी साबणपाण्याच्या फडक्यानं पुसा आणि सावलीत वाळवा.

एवढं करूनही डाग राहिला, तर राहू द्या. डागानं कुणाचं डोकं फुटत नाही.

सुरक्षा मानकाचं लेबल मात्र काढू नका. क्रिकेटच्या अनेक हेल्मेटांवर बीएस (ब्रिटिश मानक) 7928:2013 असं लिहिलेलं असतं. हेल्मेट कोणत्या कसोटीला उतरलं आहे, हे त्यावरूनच कळतं. जुना स्टिकर निघाल्यावर त्याखालची जागाही नीट पाहा, कारण कधी कधी तडा तिथंच लपलेला असतो.

ज्या हेल्मेटला पेट्रोल, थिनर किंवा रिमूव्हर लागून गेलं आहे, ते बाद करा. कुणाला देऊ नका, भंगारात टाकण्याआधी पट्टे कापा, म्हणजे दुसऱ्या कुणाचं मूल ते घालणार नाही. नवं घेणं एखाद्या घराला परवडत नसेल, तर क्लबनं वर्गणी काढावी. बॅट पुढच्या वर्षी घेता येईल.

आज रात्री घरातलं हेल्मेट दिव्याखाली धरा. भोकांतून आत डोकावा, अस्तर उचलून पाहा. उद्या सकाळच्या नेट्सआधी एवढं कराच.

– तुमच्या मुलांना नेट्समध्ये चेंडू टाकणारा एक प्रशिक्षक